बिऱ्हाड पाठीवर, पण घर कोणाच्या खर्चाने?



वसई-विरारहून मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागले की बांधकामांच्या कडेला पत्र्याच्या तयार खोल्या दिसतात. काम चालू असेपर्यंत त्यात साहेबांचे ऑफिस असते. काम संपले की खोली ट्रकवर चढते आणि पुढच्या कामावर जाते. आता घडीची घरेही आली आहेत. 20 फूट लांबीची पेटी येते आणि दोन्ही बाजू उघडल्या की एका खोलीच्या तीन होतात.

कापूस-ज्वारीवाल्याला याचे काय, असे कोणी विचारील. उत्तर त्याच वसईत आहे.

जव्हार, मोखाडा, विक्रमगडचा आदिवासी भात निघाले की उचल घेऊन वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर येतो. पाऊस तोंडावर आला की परत जातो. मधले सारे महिने त्याचे घर म्हणजे 'भोंगा'. चिखल-सिमेंट न लावता विटा एकावर एक रचायच्या आणि वर पेंढा किंवा प्लॅस्टिक टाकायचे. बीडचा ऊसतोड्या कारखान्याच्या तळावर कोपी घालतो, तीही अशीच. कोरडवाहू रानात एक पीक निघाले की आपलीच माणसे कुलूप लावून निघतात. तेव्हा हलणारे घर आपल्याला नवे नाही. विंचवासारखे बिऱ्हाड पाठीवर घेऊन आपण पिढ्यानपिढ्या फिरत आहोत. फरक एवढाच की साहेबाची खोली कामाच्या खर्चात धरली जाते, मजुराची कोपी धरली जात नाही.

1979 साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी कायदा झाला. ठेकेदाराने राहण्याची योग्य सोय करावी, असे त्यात लिहिले होते. पण जव्हारचा माणूस वसईला येताना राज्याची हद्द ओलांडत नाही आणि बीडचा माणूस कोल्हापूरला जातानाही ओलांडत नाही. म्हणजे कायदा झाला, आणि आपला माणूस त्याच्या बाहेरच राहिला.

याच वसई भागात 1990 च्या दशकात विधायक संसदेने भट्टीवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा सुरू केल्या. मूल शाळेपर्यंत येत नाही, तर शाळा भोंग्यापर्यंत जाईल, असा साधा विचार होता. शाळा मजुरामागे जाऊ शकते, तर धड छप्पर, पाणी आणि संडास का जाऊ शकत नाही? भट्टीचा हंगाम ठरलेला, कारखान्याचा गाळप हंगाम ठरलेला. चार-पाच महिने तळावर आणि उरलेले दिवस दुसऱ्या कामावर, अशा वापराला हलवता येणारे घर अगदी योग्य आहे. पाळणाघर, दवाखाना, बायकांसाठी न्हाणीघर, कापूस वेचणीला बाहेरून आलेल्या मजुरांचा मुक्काम, हे सारे त्यात होऊ शकते.

पण माल दाखवणारा जे सांगत नाही तेही ऐकून ठेवा.

पहिले, ऊन. एकेरी पत्र्याची खोली मे महिन्यात भट्टी होते. दोन पत्र्यांमध्ये भरण असलेली भिंत घ्यावी आणि छतावर हातभर अंतर सोडून दुसरे छप्पर करावे.

दुसरे, आग. भरण थर्मोकोलचे असेल तर ते पेट घेते. रॉकवूल पेटत नाही. अशा खोलीत चूल आणि कापूस एकत्र नकोच.

तिसरे, जमीन. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. कोपरे कमी-जास्त खचले की घडीची दारे अडकतात. खाली मुरुमाचा दाबलेला थर हवा, वाऱ्यासाठी चारही कोपरे जमिनीत जखडलेले हवेत. आणि पाणंद रस्त्याने ट्रक व क्रेन पावसाळ्यात येणार नाहीत, हे आधी ध्यानात घ्या.

चौथी गोष्ट सर्वांत मोठी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, दगडमातीची जड घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. वाचलेल्यांना पत्र्याच्या शेडचा आधार मिळाला, आणि तो हवाच होता. पण नवी गावे उभी राहीपर्यंत त्याच पत्र्याखाली उन्हाळे काढावे लागले. पालघर जिल्ह्यातही नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीला धक्क्यांमागून धक्के बसू लागले, तेव्हा माणसे थंडीत तंबूत झोपली. अशा वेळी दोन दिवसांत उभे राहणारे घर जीव वाचवते. मात्र 'तात्पुरते' या शब्दापुढे तारीख लिहून घेतली नाही, तर तात्पुरते घर पक्क्या घराची मागणी गिळून टाकते.

म्हणून कर्ज काढून कोणी एकट्याने असे घर घेऊ नये. वर्षातले चार महिने वापरायच्या वस्तूचे बारा महिने व्याज भरणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. गावोगावच्या बैठकीत एवढे ठरवा: उचल घेताना मुकादमाशी मजुरीबरोबर घराचीही बोली करायची. छप्पर, पाणी, संडास, वीज यांचा खर्च कामाचा, मजुराचा नाही. आणि त्या घराचे भाडे उचलीतून कापले जाणार नाही, हे कागदावर लिहून घ्यायचे.

बिऱ्हाड आपण पाठीवर घेतोच. घराचा खर्च मात्र ज्याचे काम त्याने उचलावा.