उत्साह हेही लक्षण

बायपोलर डिसऑर्डर हा मनःस्थितीचा आजार आहे. त्यात माणूस काही काळ अतिउत्साहाच्या, तर काही काळ खोल उदासीच्या फेऱ्यात सापडतो. मधले महिने, कधी वर्षेही, नेहमीसारखी जातात. सुरुवात बहुधा विशीच्या आसपास होते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार दर दोनशे प्रौढांत साधारण एकाला तो आयुष्यात कधीतरी होतो आणि सुमारे ७० टक्के रुग्ण उपचारांविना राहतात.

उदासी घरच्यांना दिसते. अन्न जात नाही, अंथरूण सुटत नाही, मरणाची भाषा होते. हे दोन आठवडे टिकले की ती आजाराची उदासी समजावी. अतिउत्साह मात्र आधी सगळ्यांना आवडतोच. पहाटे दोनला उठून गोठा धुणाऱ्या मुलाकडे पाहून ‘पोरगं कामाला लागलं’ असे म्हटले जाते. मग बोलणे थांबत नाही, दुभती म्हैस विकून हॉटेल काढायचा बेत होतो आणि कुणी अडवले की तो अंगावर धावून जातो. तोवर कुणीतरी देवऋषाचे नाव सुचवलेले असते. खरी खूण आधीच दिसलेली असते: झोप तीन तासांवर आलेली, तरी थकवा नाही. अशी अवस्था आठवडाभर राहिली तर तो मेनिया. चारेक दिवसांची सौम्य अवस्था म्हणजे हायपोमेनिया.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या पाटण खोऱ्यात निदान अवघड होण्याचे एक कारण मुंबई आहे. इथल्या असंख्य घरांतली माणसे तिकडे माथाडी किंवा इतर कामे करतात. रात्रपाळी आणि जागरण यांनी मेनियाला तोंड फुटू शकते. आजारी माणसाचा उधळेपणा, भांडणे तिथल्या खोलीतल्या गाववाल्यांनी पाहिलेली असतात. गावी येतो तो खचलेला माणूस. कराडच्या डॉक्टरांना घरचे फक्त उदासी सांगतात आणि नुसत्या उदासीवरच्या गोळ्यांनी मेनिया उसळू शकतो. म्हणून डॉक्टरांकडे जाण्याआधी मुंबईच्या खोलीवर एक फोन करणे फार मोलाचे.

उपचारांत लिथियम अजूनही आघाडीवर आहे. ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ साली त्याचा मेनियावरचा गुण दाखवला. उपयोगी आणि अपायकारक मात्रेत अंतर थोडे असल्याने रक्तातली पातळी, थायरॉइड आणि मूत्रपिंड वेळोवेळी तपासावे लागतात. भातलावणीनंतर कंबर धरली म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅकसारखी गोळी ही पातळी वाढवते. जुलाब-उलट्या आणि खूप घामही वाढवतात. हात जोरात थरथरणे, तोल जाणे, जीभ जड होणे ही विषबाधेची चिन्हे आहेत. तेव्हा थेट दवाखाना गाठावा. एरवी बरे वाटते म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, आजार उलटण्याचे ते नेहमीचे कारण आहे.

मरणाची भाषा ऐकू आली तर रुग्णाला एकटे सोडू नये. टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे आणि त्यावर मराठीतून बोलता येते.