पांढरा कुत्रा पांढरा नसतो

आमच्या वाचकांपैकीं एका गृहस्थांनीं गेल्या महिन्यांत आम्हांस पत्र धाडलें आहे. त्यांच्या घरचा चौदा वर्षांचा कुत्रा आतां अगदीं थकला असून पशुवैद्यांनीं फार दिवसांची आशा दाखविलेली नाहीं. तो आहे तोंच त्याची छबी व्हावी म्हणून त्यांची कन्या तैलरंगांत चित्र काढीत आहे. रेखाटन बिनचूक आहे, रंगही उत्तम प्रतीचे आहेत, तरी घरांतील प्रत्येक माणूस चित्र पाहून म्हणतो, "हा आपला नव्हे." उणें कोठें आहे तें सांगावें, असा त्यांचा आग्रह आहे. सोबत चित्राचा व कुत्र्याचा असे दोन फोटो आहेत.

कुत्र्याची तसबीर दिवाणखान्यांत लावावी काय, अशी शंका सोंवळ्याच्या कोणा अभिमान्यास येईल. त्यानें महाप्रस्थानिक पर्व उघडून पाहावें. स्वर्गाच्या दारीं उभ्या असलेल्या युधिष्ठिरानें सोबतच्या कुत्र्यास टाकण्याचें नाकारलें, ही कथा त्यास पुरेशी आहे. आपण चित्राकडे वळूं.

कुत्रा पांढरा, एक कान तांबूस. मुलीस तो पांढरा आहे हें ठाऊक आहे, म्हणून तिनें त्यास सर्वत्र पांढरा रंग दिला. आणि जेथें सावली दिसली तेथें त्याच पांढऱ्यांत काळा मिसळला. परिणाम असा झाला कीं, कुत्रा राखेंत लोळून आल्यासारखा दिसतो. तिचा हात चुकलेला नाहीं. तिच्या ज्ञानानें तिच्या डोळ्यांस फसविलें आहे. माजघरांत वाळत घातलेलें धोतर आणि अंगणांत उन्हांत उघडून ठेवलेली काळी छत्री यांत अधिक उजळ काय, असें विचारलें तर दहांतील नऊ जण धोतराचें नांव घेतील. वस्तुतः भर उन्हांतील छत्रीच डोळ्यांस अधिक प्रकाश पाठविते. वस्तूचा रंग निराळा आणि तिजवर पडलेल्या प्रकाशाचें मान निराळें. या दुसऱ्या गोष्टीस चित्रकार छायाभेद म्हणतात. आपल्याकडे विष्णुधर्मोत्तराच्या चित्रसूत्रांत छाया देण्याच्या कृतीस 'वर्तना' असें नांव असून तिचे पत्रज, ऐरिक व बिंदुज असे तीन प्रकार सांगितले आहेत. म्हणजे हा विचार परका नव्हे.

याचें उदाहरण आपल्या घरोघरीं येऊन गेलें आहे. नाट्यपदांच्या जुन्या तबकड्यांवर ग्रामोफोनच्या कर्ण्यापुढें मान वांकडी करून बसलेला कुत्रा कोणी पाहिला नाहीं? त्याचें नांव निपर. फ्रान्सिस बॅरॉ या इंग्रज चित्रकाराच्या भावाचा तो कुत्रा 1895 सालीं वारला, आणि चित्र त्यानंतर कांहीं वर्षांनीं झालें. मूळ चित्रांत नळकांड्यांचें जुनें यंत्र व काळा कर्णा होता. काळ्या कर्ण्यानें चित्र मंद दिसतें, पितळी कर्णा घातल्यास तें उजळेल, असें कोणीं सुचविल्यावरून बॅरॉ 1899 सालीं ग्रामोफोन कंपनीकडे पितळी कर्णा उसना मागावयास गेला. कंपनीच्या व्यवस्थापकानें यंत्रच बदलून आमचें घाला, म्हणजे चित्र विकत घेतों, असें सांगितलें. चित्र व त्याचे हक्क मिळून शंभर पौंडांस व्यवहार ठरला. मूळ चित्रावर विशिष्ट कोनांतून प्रकाश पडला म्हणजे रंगाखालील जुनें यंत्र अजून दिसतें. एवढा मोठा व्यापार ज्या चित्रानें केला, त्याच्या मुळाशीं प्रश्न हाच होता कीं, कुत्र्यासमोरील वस्तु किती गडद व किती उजळ असावी!

आतां त्या कन्येस चार गोष्टी सांगतों. पहिली ही कीं, रंगाच्या आधीं कोळशानें एक लहानसें चित्र काढावें व त्यांत उजळ, मध्यम व गडद एवढ्या तीनच छटा ठेवाव्या. डोळे किलकिले करून पाहिलें असतां बारकावे मावळतात आणि या तीन छटा आपोआप वेगळ्या होतात. शुद्ध पांढरा रंग शेवटच्या दोनचार ठिकाणांसाठीं राखून ठेवावा. आरंभींच सर्व खर्चिला तर उन्हासाठीं कांहींच उरत नाहीं.

दुसरी, सावलींत काळा रंग घालूं नये. खिडकींतून आकाशाचा उजेड येत असेल तर उजेडाची बाजू किंचित् निळसर आणि सावली तुलनेनें उबदार दिसते. शिवाय कुत्रा तांबड्या फरशीवर बसला असेल तर त्याच्या पोटाखालीं फरशीचा तांबूसपणा परावर्तित होतो. अल्ट्रामरीन निळा व बर्न्ट सायना हे दोन रंग मिसळल्यास उत्तम गडद छटा मिळते. पैकीं एकाचें प्रमाण वाढवून ती थंड वा उबदार करितां येते.

तिसरी, केस मोजूं नयेत. जेथें उजेड संपून सावली लागते त्या सीमेवर आणि बाह्य कडेवर थोडे केस दाखविले म्हणजे बाकीचे पाहणाऱ्याचा डोळा भरून काढतो.

चवथी डोळ्यांची. पाठविलेला फोटो रात्रीं फ्लॅश लावून घेतलेला आहे. कुत्र्याच्या डोळ्यांत पडद्यामागें प्रकाश परतविणारा एक थर असतो, त्यामुळें तेथें हिरवट चमक उमटली आहे आणि चित्रांतही ती जशीच्या तशी उतरली आहे. घरचीं माणसें "आपला नव्हे" म्हणतात, त्याचें मोठें कारण आमच्या मतें हेंच. त्या डोळ्यांनीं त्यांच्याकडे कधीं कोणीं पाहिलेलेंच नाहीं. खिडकीच्या बाजूस एकच तेजाचा ठिपका, तोही किंचित् निळसर, व त्याच्या समोरच्या बाजूस बुबुळाचा पिंगट रंग थोडा उजळ, एवढें पुरे. मोबाईलचा उपयोग एकाच कामीं करावा: झालेल्या चित्राचा फोटो घेऊन त्यांतील रंग काढून टाकावे, म्हणजे छायाभेद कोठें बिघडला तें उघडें पडतें.

गृहस्थांस आमचें सांगणें इतकेंच कीं, चित्र पुरें करण्याची घाई मुलीस लावूं नका. सकाळीं ज्या जागीं तो ऊन खात पडतो तेथें तिला रोज एकाच वेळीं अर्धा तास बसूं द्या. कोणत्या भागावर कोणता रंग दिसला एवढें तिनें वहींत टिपावें. निपरचें चित्र तो गेल्यावर झालें. रंगविण्यास उशीर झालेला चालतो; पाहण्यास चालत नाहीं.