पाणाड्या आणि भूवैज्ञानिक

सेलू तालुक्यातील देवगाव फाट्याच्या परिसरात बोअर कोठे घ्यावी हे ठरविण्याचा मान, मराठवाड्यातील इतर गावांप्रमाणेच, बहुधा पाणाड्याकडे असतो. तळहातावरचा नारळ उभा राहिला की जागा नक्की! बोअर कोरडी गेली तरी पाणाड्याचे काही बिघडत नाही, गाडीवाल्याला फुटामागे पैसे मिळतातच. कर्ज तेवढे शेतकऱ्याच्या डोक्यावर राहते.

या काळ्या मातीखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर आहेत. अखंड बेसाल्टमध्ये पाणी मुरत नाही. ते साठते मुरमात, कातळाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यावरील सच्छिद्र पट्ट्यात. म्हणूनच एका बांधावरची विहीर भरलेली आणि पलीकडची कोरडी, हे दृश्य येथे नवे नाही. खोल गेले म्हणजे पाणी लागेलच, हा समज या खडकात घातक ठरतो.

हे शास्त्र शिकण्यासाठी परभणीच्या विद्यार्थ्याला फार दूर जावे लागत नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. पुढे केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन १८५१ साली स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात वा केंद्रीय भूजल मंडळात जाता येते. तेल, कोळसा, धरणे व बोगदे ही क्षेत्रेही आहेत. गरिबाघरची मुले तेथे पोहोचावीत, याविषयी दुमत नाही. परंतु ज्या शिवाराच्या कष्टांवर ती शिकली, त्या शिवाराला त्यांच्या विद्येचा उपयोग व्हावा अशी जागा शासनाने किती निर्माण केली? ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भूशास्त्राची महती सर्वांनाच पटली होती. ती आठवण फार दिवस टिकली नाही.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. २००९ चा भूजल कायदाही आहे. अधिसूचित क्षेत्रात शेती व उद्योगांसाठी साठ मीटर वा त्याहून खोल विहिरींना तो मनाई करतो. पण भूगर्भातील पाणी ज्याच्याजवळ पैसा त्याचे, हा व्यवहार कायद्याच्या नुसत्या कागदाने मोडत नाही. प्रत्येक तालुक्याला कायमस्वरूपी भूवैज्ञानिक नेमावा, अल्पभूधारकाला त्याचा सल्ला विनामूल्य मिळावा, आणि प्रत्येक बोअरमध्ये किती फुटांवर कोणता थर लागला याची नोंद गाडीमालकाने ग्रामपंचायतीच्या दप्तरी दिल्याखेरीज त्याला पुढची बोअर घेऊ देऊ नये.