१२ व्होल्टला बारीक वायर चालते, हे आधी डोक्यातून काढा



हल्ली गावातली पोरं इलेक्ट्रॉनिक्सच्या लहानसहान वस्तू घरीच जुळवायला लागलीत. मातीचा ओलावा बघणारा सेन्सर, मोबाईलवरून मोटर चालू-बंद करायचा डबा, गोठ्यात १२ व्होल्टचे दिवे. चांगलंच आहे. पण वस्तू चालली नाही की दोष बोर्डाला, नाहीतर नेटवर्कला. वायरकडं कोण बघत नाही. दुकानदार पण सांगतो, "बाराच व्होल्ट हाय, कुठलीबी टाका." माझं म्हणणं बरोबर उलटं आहे.

वायरची जाडी ठरते अँपिअरवर आणि लांबीवर. २४ वॅटचे दिवे २३० व्होल्टवर ०.१ अँपिअर ओढतात, तेच १२ व्होल्टवर २ अँपिअर. वीसपट झालं की! आणि १२ व्होल्टात गळतीला जागाच नसते. ड्रिपमध्ये आधीच प्रेशर कमी असेल आणि त्यात लॅटरल लांब टाकली, तर शेवटच्या ड्रिपरला काय येतं ते आपल्याला माहीतच आहे.

हिशेब सोपा आहे. १ एमएमच्या तांब्याच्या वायरला १००० मीटरला साधारण १८ ओहम अडथळा. (दुकानात एमएम म्हणतात ते खरं स्क्वेअर एमएम, वायरची रुंदी नव्हे.) अर्धा एमएम घेतली तर दुप्पट, ३६. समजा बॅटरी घरात आणि गोठा २० मीटरवर. जायची-यायची मिळून ४० मीटर वायर. अर्ध्या एमएमला १.४४ ओहम होतात, २ अँपिअरला २.९ व्होल्ट वाटेतच गेले. दिव्याला उरले ९. एलईडी पट्टी पार मिणमिणते. दीड एमएम टाकली तर जवळपास १ व्होल्ट जातो, अडीचला ०.६ च्या आत. त्यापेक्षा बॅटरीच गोठ्यात नेऊन ठेवा, वायरचे पैसे वाचतील.

दुसरी गोष्ट मोबाईलच्या डब्याची. पुतण्यानं सिमकार्डवाला मॉड्यूल लावून डबा केला. फोन लावला की मॉड्यूल बंद पडून परत चालू व्हायचा. सगळे म्हणाले रेंज नाही. ते मॉड्यूल ४ व्होल्टच्या आसपास चालतं, पण सिग्नल पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतं. त्याला दिलेल्या किटमधल्या जंपर वायरी केसासारख्या, वर पिना सैल. सप्लायच्या दोन वायरी पाऊण एमएमच्या, आखूड करून डाग दिला, मॉड्यूलजवळ १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावला, डबा सुरळीत चालला. आमच्याकडं थ्री फेज रात्री असली की हा डबा बंद पडणं म्हणजे मध्यरात्री बॅटरी घेऊन विहिरीवर जाणं, वाटेत विंचू-काटा. म्हणून एवढं लिहितोय. मोटरच्या थ्री फेजच्या बाजूला मात्र पोरांनी हात घालू नये, तिथं वायरमनच पाहिजे.

सगळीकडं जाड वायर घाला असंही नाही. ओलाव्याचा सेन्सर काही मिलीअँपिअरच घेतो, त्याला बारीक वायर पुरते. फक्त ती मोटरच्या केबलला चिकटून नेऊ नका, आकडे नाचतात.

गेजमध्ये पण घोळ आहे. आकडा वाढला की वायर बारीक, हे मोटर बांधणाऱ्याकडं बघितलंच असेल. पण त्याचा २२ गेज म्हणजे ०.७१ एमएम रुंद, आणि किटवरचा एडब्ल्यूजी २२ म्हणजे ०.६४. गेज सांगून वायर मागूच नका, स्क्वेअर एमएम सांगा.

वरचं प्लास्टिक जाड बघून फसू नका. एक तार ब्लेडनं खरवडा. आत पांढरी निघाली तर अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे. अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या दीडपटीहून जास्त अडवतं, वरचा सगळा हिशेब मोडला. फवारणी पंपासारख्या हलणाऱ्या वस्तूला बारीक तारांची लवचिक वायरच घ्या, एकतारी वायर वाकून वाकून तुटते.

आणि बॅटरीच्या प्लसजवळ, वीतभराच्या आत, फ्यूज पाहिजेच. मी अर्ध्या एमएमला ३ अँपिअरच्या वरचा घालत नाही. १२ व्होल्टचा शॉक लागत नाही हे खरं, पण शॉर्ट झाली तर तीच बारीक वायर लाल होते, आणि गोठ्यात कडबा असतो.