नोकरीची वार्ता आणि आमचे तरुण

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील आमच्या तरुणांच्या हाती आज पदवी आहे आणि मोबाइलही आहे. त्या पदवीपायी आईबापांनी काय सोसले, हे या पत्राच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु ही दोन्ही साधने हाती असूनही जागा कोठे निघाली, ही वार्ता त्यांस वेळेवर मिळत नाही. पुष्कळदा ती मिळते मुदत टळल्यावर, नाही तर एखाद्या भामट्याच्या तोंडून. हा प्रश्न केवळ सवयीचा नसून हक्काचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

संविधानाच्या १६ व्या कलमाने शासकीय सेवेत सर्व नागरिकांस समान संधी दिली. पण जागा निघाल्याचे ज्याला कळलेच नाही, त्याला समान संधी ती कसली? १९५९ साली संसदेने रिक्त जागा सेवायोजन कार्यालयास कळविण्याचा कायदा केला, तो याच विचाराने. पुढे १९९६ साली, आंध्र प्रदेशातील उत्पादन शुल्क खात्याच्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की केवळ सेवायोजन कार्यालयाकडून नावे मागविणे पुरेसे नाही. वृत्तपत्रे, आकाशवाणी व दूरदर्शन यांद्वारेही जागा जाहीर झाल्या पाहिजेत. म्हणजेच संधीची वार्ता मिळणे हा संधीचाच भाग होय.

परंतु १६ वे कलम खाजगी मालकास लागू नाही. तेथे पुष्कळशा जागा जाहिरातीपूर्वीच तोंडोतोंडी भरल्या जातात. कचेरीत काका असतो, तो पुतण्यास सांगतो. ज्यांच्या घराण्यात आजवर कोणी कचेरीची पायरी चढला नाही, त्यांनी काका कोठून आणावा? समाजमाध्यमांचे खरे मोल येथे आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवून दिले की ओळखीतून नोकरी लागते ती बहुधा जवळच्या आप्तांमुळे नव्हे, तर क्वचित भेटणाऱ्या दूरच्या परिचितांमुळे. २०२२ साली लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सभासदांवरील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेही याच दिशेने बोलतात. कारण उघड आहे. जवळच्यांस तेवढेच ठाऊक असते जेवढे आपल्याला. नवी वार्ता दुरूनच येते.

मग आमच्या तरुणाने काय करावे? मुखेड-कंधारच्या किंवा निलंगा-औशाच्या मुलाने आपल्याच महाविद्यालयातून दोन-चार वर्षांपूर्वी बाहेर पडलेले, आज पुण्यास वा हैदराबादेस नोकरी करणारे विद्यार्थी लिंक्डइनवर शोधावेत. त्यांस चार ओळी लिहाव्यात: मी कोण, काय शिकलो, कोणते काम येते, आणि आपल्याकडे अशा कामाची जागा निघते तेव्हा ती कोठे जाहीर होते? नोकरी मागू नये, माहिती विचारावी. वशिला मागण्यात मिंधेपणा आहे; वार्ता विचारण्यात तो नाही. आमच्या मुलींनीही मागे राहू नये. व्हॉट्सॲपच्या गटात आपला क्रमांक अनोळखी माणसांसमोर उघडा पडतो. लिंक्डइनवर तो दाखविण्याचे कारण नाही.

येथे कोणी म्हणेल, त्या पानावर आडनाव दिसते, त्याचे काय? शंका रास्त आहे. सुखदेव थोरात व पॉल ॲटवेल यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी इंग्रजी वृत्तपत्रांतील खाजगी जागांसाठी सारख्याच पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या आडनावांनी पाठविले, तेव्हा दलित आडनावाच्या अर्जदारास बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या मानाने सुमारे दोन-तृतीयांश भरली. यंत्र बदलले म्हणून मन बदलत नाही. तथापि यास्तव नाव बदला, बाबासाहेबांचे छायाचित्र काढून टाका, हा सल्ला आम्हांस मान्य नाही. स्वाभिमान गहाण टाकून मिळविलेली भाकरी गोड लागत नाही. आपले काम मात्र असे ठसठशीत मांडावे की पाहणाऱ्याची नजर आधी कामावर पडेल. केलेला प्रकल्प, शिकलेले यंत्र, सांभाळलेला हिशेब, सारे तेथे लिहावे.

दुसरे संकट फसवणुकीचे. टेलिग्राम व व्हॉट्सॲपवर नोकरीच्या नावाखाली नोंदणीचे, प्रशिक्षणाचे, अनामतीचे पैसे उकळणाऱ्यांचा सुळसुळाट झाला आहे. नोकरी देण्याआधी जो पैसे मागतो, तो नोकरी देणारा नव्हे, हे पक्के ध्यानात ठेवावे. सरकारी भरतीचा संदेश आला तर त्या आयोगाच्या वा खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर जाहिरात स्वतः वाचल्यावाचून अर्ज करू नये. आधार कार्ड व जातीचा दाखला गटात टाकू नये. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प बसू नये. तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे, संदेश व पैसे दिल्याचा पुरावा जपून ठेवावा आणि पोलिसांत तक्रार द्यावी. भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमाखाली फसवणूक हा गुन्हा आहे.

शेवटी दोन शब्द आमच्या नोकरदार बंधुभगिनींस. बँकेत, रेल्वेत, विमा कंपनीत, कारखान्यात आपण बसला आहात. सकाळ-संध्याकाळ समाजाच्या गटांत शुभेच्छा व अभिवादने आपण आवर्जून पाठविता. त्याच गटात आठवड्यातून एकदा आपल्या कचेरीतील खऱ्या जागेची, मूळ जाहिरातीसह वार्ता टाकण्यास किती वेळ लागतो? आपल्याला जी माहिती सहज मिळते, ती उदगीरच्या किंवा किनवटच्या मुलास मिळत नाही. ती त्याच्यापर्यंत पोहोचविणे हे उपकार नव्हेत, ते आपले ऋण आहे. ज्यांना काका नाही, त्यांचे काका आपणच झाले पाहिजे.