कुलूप आणि गिलोटिन

अर्थसंकल्प अडला म्हणून तळ्याच्या तहसील कचेरीला कुलूप लागले, असे कोणी पाहिलेले नाही. अमेरिकेत मात्र २०२५ च्या १ ऑक्टोबरपासून १२ नोव्हेंबरपर्यंत, तब्बल ४३ दिवस, केंद्र सरकारची कित्येक खाती बंद होती आणि लाखो कर्मचारी पगाराविना राहिले. तेथील सिनेटमध्ये चर्चा थांबवून असे विधेयक मताला टाकायचे तर शंभरांपैकी साठ मते लागतात. रिपब्लिकन पक्षाजवळ ५३ जागा होत्या. आरोग्यविम्याच्या सवलती चालू ठेवा, मगच मत देऊ, अशी भूमिका डेमोक्रॅट पक्षाने घेतली आणि तिजोरीचे दार अडले.

या नियमाविषयी पुरोगाम्यांनी हळवे होण्याचे कारण नाही. याच आयुधाने दक्षिणेकडील वर्णद्वेष्ट्या सिनेटरांनी कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांची विधेयके वर्षानुवर्षे रोखून धरली. १९६४ चा कायदा तो अडसर मोडूनच संमत करावा लागला.

भारतीय घटनाकारांनी अशा अडवणुकीला वावच ठेवला नाही. धनविधेयक राज्यसभेला किंवा विधानपरिषदेला चौदा दिवसांपेक्षा अधिक रोखता येत नाही. मंजुरी लांबली तर लेखानुदान आहे. बहुमत सरले तर कचेऱ्या बंद पडत नाहीत, मंत्रिमंडळ जाते. ही तरतूद शहाणपणाची आहे; परंतु तिच्या आडोशाला जे चालते ते शहाणपणाचे नाही. नेमलेली मुदत संपली की अध्यक्ष उरलेल्या साऱ्या मागण्या एकदम मताला टाकतात. हेच ते गिलोटिन. १४ मार्च २०१८ रोजी लोकसभेने सर्व खात्यांच्या मागण्या व वित्तविधेयक गदारोळात, चर्चेविना संमत केले. मार्च २०२३ मध्ये सुमारे ४५ लाख कोटी रुपयांच्या खर्चाची तीच गत झाली, आणि त्या वेळी सभागृह बंद पाडणाऱ्यांत सत्ताधारी सदस्यही होते!

मुंबईत निराळे चित्र नाही. २८ जून २०२४ रोजी राज्याचा अर्थसंकल्प मांडला गेला आणि अवघ्या अकरा दिवसांनी, ९ जुलैला, ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. अधिवेशन १२ जुलैला संपले. इतक्या अवधीत कोणत्या खात्याचा हिशेब कोण तपासणार?

विरोधी पक्षांनीही स्वतःकडे पाहावे. २०१७ च्या मार्चमध्ये कर्जमाफीसाठी अर्थमंत्र्यांच्या भाषणात घोषणा देणारे १९ आमदार निलंबित झाले. मागणी न्याय्य होती, निलंबन अन्यायाचे होते. पण खात्यांच्या मागण्या मताला आल्या तेव्हा बाके मात्र रिकामी होती. घोषणांनी गिलोटिनला धारच येते. शंभर रुपयांची कपातसूचना देऊन मंत्र्याला तासभर उत्तर द्यायला लावणे हे कष्टाचे काम आहे, आणि तळ्यासारख्या डोंगराळ तालुक्यातील पाणीयोजना किंवा अंगणवाडी सेविकेचे मानधन सभागृहात पोहोचते ते त्याच वाटेने.

म्हणून मागणी नियमबदलाची हवी. ग्रामविकास, आरोग्य, शिक्षण, पाणीपुरवठा या खात्यांच्या मागण्या किमान ठरावीक तास चर्चा झाल्याशिवाय मताला टाकता येऊ नयेत, आणि गोंधळात वाया गेलेले तास अधिवेशन वाढवून भरून काढले जावेत. खर्च अडणार नाही; तोवर लेखानुदान आहेच.