शहाणपणाची परीक्षा कोण घेणार?



आम्हा धर्मशिक्षकांकडे एक वही असते. तीत मुलांची नावे, हजेरी, पाठ झालेल्या प्रार्थना आणि दहा आज्ञा यांचे रकाने असतात. सगळ्या रकान्यांत बरोबरची खूण आली की मूल फर्स्ट कम्युनियनसाठी तयार झाले, असे आम्ही समजतो. या वहीवर आज आम्हाला आक्षेप घ्यायचा आहे. वही आमचीच असल्यामुळे आक्षेपही स्वतःवरच आहे.

गेल्या वर्षी आमच्या सीमाभागातल्या एका गावातला नऊ वर्षांचा मुलगा तोंडी परीक्षेत अडखळला. दहा आज्ञा त्याला इंग्रजीत क्रमाने सांगता आल्या नाहीत. "पुढच्या वर्षी बघू," असे आम्ही म्हणालो. रविवारी मिस्सा संपल्यावर त्याची आजी वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहिली. "मास्तर, पोर चुकलं असंल, मी नाही म्हणत नाही. पण एक गोष्ट ऐकून घ्या."

शेताच्या बांधावरून तिचे दोन मुलगे दोन वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. एके रात्री रोझरी चालू असताना हा नातू प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेच्या ओळीशी येऊन थांबला. "आजी, काकाला आपण माफ केलेलं नाही. मग हे म्हणायचं की सोडून द्यायचं?" घरात कुणालाच उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी आजी खिरीचे पातेले घेऊन धाकट्याच्या घरी गेली. बांधाचा दावा अजून चालू आहे, पण दोन्ही दारे आता उघडी असतात.

हे ऐकूनही आम्ही यादी बदलली नाही. यादी लागून गेली होती, एवढेच आमच्याकडे कारण होते. त्या मुलाने ख्रिस्तप्रसाद यंदा घेतला. त्याचे एक वर्ष आमच्याकडे बाकी आहे.

संत लूक सांगतो की बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता आणि प्रश्न विचारत होता. त्याच्या समजेचे सर्वांना नवल वाटले. लूक असेही सांगतो की तो ज्ञानाने वाढत गेला. प्रभूचे ज्ञान जर वाढत गेले, तर आपल्या लेकरांचे ज्ञान एका रविवारच्या परीक्षेत पुरते दिसावे, असा हट्ट आम्ही कशाच्या जोरावर धरतो? त्या प्रसंगात मरियेलाही सगळे समजले नव्हते. तिने ते अंतःकरणात जपून ठेवले. आजी-आजोबा हेच काम करतात. आम्ही मात्र त्यांना कधी विचारत नाही.

पोप दहावे पायस यांच्या काळात, ८ ऑगस्ट १९१० रोजी, लहान मुलांच्या ख्रिस्तप्रसादाविषयी आज्ञापत्र निघाले. समज येण्याचे वय त्यात सुमारे सात वर्षे धरले आहे. धर्मतत्त्वांचे संपूर्ण ज्ञान मुलाकडून मागितलेले नाही. ख्रिस्तप्रसाद आणि साधी भाकर यांतला फरक त्याला आपल्या वयाप्रमाणे ओळखता यावा, अशी अपेक्षा आहे. शंभर वर्षांपूर्वी चर्चने उघडलेले दार आम्ही आमच्या वहीने अर्धे लोटून ठेवले आहे.

"मग पाठांतर नकोच का?" असे कोणी विचारेल. हवे, नक्कीच हवे. तो मुलगा त्या ओळीशी थांबू शकला, कारण ती ओळ त्याला पाठ होती. ती त्याने आजीच्या मांडीवर, मराठीत पाठ केली होती. वर्ग आम्ही इंग्रजीत घेतो. त्यामुळे आजीला तिथे जागा राहत नाही आणि मुलाला वाटू लागते की घरचा देव वेगळा, वर्गातला वेगळा. पौलाने तीमथ्याला लिहिताना त्याच्या विश्वासाचा उगम आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात दाखवला. त्या दोघींना आमच्या वर्गात बसू दिले असते का?

काही शब्द आजी-आजोबांनाही. नातवंडाने घडाघडा म्हटलेल्या वचनांचे व्हिडिओ ग्रुपवर टाकून त्याचे शहाणपण सिद्ध होत नाही. आणि "देवाला प्रश्न विचारू नये, गप्प बस" असे म्हणून तुम्ही त्याचा विश्वास राखत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. त्याच्या आरंभीही एका श्रोत्याचा प्रश्नच आहे: जुनी पुराणे बंद केलीत, मग आम्ही वाचायचे काय? त्या श्रोत्याला कोणी गप्प बसवले असते, तर आपण केवढ्या ठेव्याला मुकलो असतो!

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबांसाठी राखून ठेवला. त्या दिवशी आपण त्यांना फूल देतो, चहा-बिस्किटे देतो आणि घरी पाठवतो. त्याऐवजी दोन गोष्टी करू या. महिन्यातून एक वर्ग मराठीत घेऊ आणि त्यात थोरांना मुलांशेजारी बसवू. आणि घरच्या थोरांना विचारल्याशिवाय कोणत्याही मुलाला मागे ठेवणार नाही, असे ठरवू.

वहीत यंदा आम्ही एक नवा रकाना आखला आहे: 'घरच्यांचे म्हणणे'. तो भरायला आम्ही तुमच्या दारी येऊ. आम्हाला बसवून घ्या आणि सांगा. प्रभू आम्हाला ऐकायची बुद्धी देवो. आमेन.